गावचा दिवा, गावचा कारभार

आपल्या देशातील विजेचा इतिहास सामान्यतः मोठ्या नावांभोवती गुंफला जातो. म्हैसूर संस्थानचे शिवसमुद्रम्, टाटांचे खोपोली, हिमाचलातील भाक्रा, आपली कोयना ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. संस्थानिकांची दूरदृष्टी, उद्योगपतींचे धाडस आणि स्वतंत्र भारताच्या सरकारचे नियोजन हे त्या इतिहासाचे तीन अध्याय होत. परंतु या तीन अध्यायांच्या आधी आणखी एक अध्याय घडून गेला आहे, आणि तो नगरपालिकांच्या ठरावबुकांत व अंदाजपत्रकांत विखुरलेला असल्यामुळे सहसा वाचला जात नाही. वाहते पाणी, वारा आणि सूर्यप्रकाश यांपासून गावाने आपली वीज आपणच निर्माण करावी, हा विचार अलीकडे फार नवा म्हणून मांडला जातो. वस्तुतः भारतात त्याचा पहिला प्रयोग एका नगरपालिकेने १८९७ सालीच केला होता. तो कसा झाला, पुढे त्याचे काय झाले आणि आज त्यापासून घेण्यासारखे काय आहे, हे या भाषणात पाहावयाचे आहे.

तो प्रयोग दार्जिलिंगचा. हिमालयाच्या उतारावर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसात हजार फुटांवर वसलेल्या या गावात १८५० साली नगरपालिका स्थापन झाली आणि १८८१ साली छोटी आगगाडी डोंगर चढून तेथपर्यंत पोहोचली. चहाचे मळे, सरकारी कचेऱ्या आणि बंगालच्या मैदानातील उन्हाळ्याला कंटाळून येणारे पाहुणे यांमुळे वस्ती वाढत गेली. रात्रीचे धुके आणि चढउताराचे निसरडे रस्ते यांमुळे दिव्यांची गरज तेथे चैनीची राहिली नव्हती. दगडी कोळसा जाळून वीज करावयाची तर तो कोळसा मैदानातून वर आणण्याचा खर्च न परवडणारा होता. पाणी मात्र डोंगरात हवे तेवढे होते. गावापासून सुमारे बारा किलोमीटरवर, गावाच्या तीन हजार फूट खाली, सिद्रापाँग नावाच्या जागी नगरपालिकेने डोंगरी झऱ्यांचे पाणी अडवून विद्युत्केंद्र उभारले. १० नोव्हेंबर १८९७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यात प्रत्येकी ६५ किलोवॅटची दोन जनित्रे होती. म्हणजे एकूण शक्ती अवघी १३० किलोवॅट. आजच्या हिशेबाने सांगावयाचे तर चव्वेचाळीस घरांच्या छपरांवर तीन तीन किलोवॅटची सौरसंयंत्रे बसविली की त्यांची बेरीज साधारण तेवढी होते.

आकडा लहान आहे. पण काळ लक्षात घेतला पाहिजे. कलकत्त्यासारख्या राजधानीच्या शहरात सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला तो १८९९ च्या एप्रिलमध्ये, आणि तोही खाजगी कंपनीकडून. डोंगरातील एक लहानशी नगरपालिका दीड वर्ष आधी हे काम करून बसली होती. सार्वजनिक पुरवठ्यासाठी बांधलेले भारतातील पहिले जलविद्युत केंद्र म्हणून सिद्रापाँगचे नाव घेतले जाते ते याच कारणाने.

या यंत्रणेतील विद्या थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे होईल. वाहत्या पाण्यातून किती शक्ती मिळावयाची, हे दोनच गोष्टींवर अवलंबून असते: पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून पडते. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली उतरले तर त्यात सुमारे पाव युनिटाइतकी वीज दडलेली असते. डोंगरात पाणी थोडे असले तरी उतार मोठा मिळतो. म्हणून लहान झराही पुरे पडतो. गढवाल आणि हिमाचल या प्रदेशांतील शेतकरी ज्या पाणचक्कीवर पिढ्यान्‌पिढ्या धान्य दळत आले, ती ‘घराट’ याच तत्त्वावर चालते. नवीन होते ते एवढेच की झऱ्याची शक्ती तारेवरून दूर नेता येऊ लागली. सिद्रापाँगची जनित्रे तेवीसशे व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह देत. उंच दाबाचा असा प्रवाह नसता तर बारा किलोमीटरच्या वाटेतच बरीचशी शक्ती गळून गेली असती. पाणी डोंगर उतरत होते आणि वीज तोच डोंगर उलट चढून गावात येत होती.

आता प्रश्न असा, की हे काम नगरपालिकेनेच का केले? याचे उत्तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेत आहे. १८८२ साली लॉर्ड रिपन याने स्थानिक स्वराज्यासंबंधीचा आपला सुप्रसिद्ध ठराव काढला. गावचा कारभार गावाने चालविल्याने लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळते, हे त्या ठरावामागील सूत्र होते. त्याच सुमारास घरपट्टी, पाणीपट्टी आणि कर्ज ही उत्पन्नाची साधने नगरपालिकांच्या हाती स्थिरावत होती. रस्ते, गटारे, पाणी आणि दिवाबत्ती ही त्यांची कर्तव्ये ठरली. रॉकेलच्या दिव्याची जागा विजेचा दिवा घेऊ लागला तेव्हा तो ज्याच्या कर्तव्यात बसत होता त्याच्याकडेच साहजिकपणे गेला. कंपन्यांना अशा ठिकाणी फारसे स्वारस्य नव्हते, कारण गिऱ्हाईक थोडे आणि नफा बेताचा. डोंगरातील गाव आणि त्याची नगरपालिका यांना एकमेकांवाचून दुसरे कोणी नव्हते.

दार्जिलिंगचा कित्ता इतरांनी गिरविला. मसुरीच्या नगरपालिकेने गावाच्या पायथ्याशी गलोगी येथे केंद्र बांधले. यंत्रे विलायतेहून आली, आगगाडीने डेहराडूनपर्यंत पोहोचली आणि तेथून पुढे बैलगाड्या आणि माणसांचे खांदे यांवरून डोंगरात गेली. केंद्र १९०७ साली उभे राहिले आणि १९०९ साली मसुरीत दिवे लागले. शिमल्याच्या नगरपालिकेने सतलजला मिळणाऱ्या नौटी नावाच्या ओढ्यावर चाबा येथे केंद्र उभारले. ते १९१३ च्या सुमारास चालू झाले. नैनितालच्या नगरपालिकेची पाळी १९२२ साली आली. तेथील दुर्गापूरचे विद्युत्केंद्र प्रसिद्ध सरोवराच्या जादा पाण्यावर चाले. या गावांत विजेचा उपयोग दिव्यांपुरता राहिला नाही. उंचावर वसलेल्या वस्तीला पिण्याचे पाणी खालून वर चढवावे लागते, आणि त्या पंपांनाही हीच वीज लागली. पाणी आणि वीज ही दोन खाती एकाच कचेरीत, एकाच हिशेबनिसाच्या देखरेखीखाली असल्यामुळे एका खात्याचा तोटा दुसऱ्यात भरून काढणे शक्य झाले. विजेचे केंद्र बंद पडले तर सकाळी नळाला पाणी येणार नाही, हे सभासदांना ठाऊक असे आणि गावालाही ठाऊक असे.

याच काळात उभ्या राहिलेल्या दोन मोठ्या केंद्रांशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. शिवसमुद्रम् १९०२ साली सुरू झाले ते मुख्यतः कोलारच्या सोन्याच्या खाणींना शक्ती पुरविण्यासाठी. खोपोली १९१५ साली सुरू झाले ते मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. दोन्ही योजना आपल्या परीने भव्य होत्या आणि देशाच्या उद्योगाला त्यांनी मोठा आधार दिला. पण ज्यांच्या दारावरून पाणी वाहत होते, त्यांच्या घरी दिवा लागावा हा त्या योजनांचा उद्देश नव्हता. याचे कटू फळ आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. मुळशीचे धरण बांधण्यासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या तेव्हा १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. धरण शेवटी झालेच. मावळ्यांच्या भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याची वीज सह्याद्री उतरून मुंबईला गेली. मुळशीच्या शेतकऱ्याला त्या निर्णयात विचारणारी अशी एकही संस्था नव्हती, ही त्या संघर्षातील सर्वांत बोचणारी गोष्ट म्हटली पाहिजे.

तथापि नगरपालिकांच्या या कामगिरीचे वर्णन करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. डोंगरी गावांतील त्या काळच्या नगरपालिका म्हणजे आजच्या अर्थाने लोकांच्या संस्था नव्हत्या. त्यांत सरकारी अधिकारी आणि युरोपीय घरमालक यांचे वर्चस्व असे. रस्त्यावरचे दिवे आधी लागत ते हवा खाण्याच्या रस्त्यांवर, हॉटेलांपुढे आणि बंगल्यांच्या वाटेवर. ज्या हमालांच्या खांद्यांवरून जनित्राचे सुटे भाग डोंगर चढले, त्यांच्या चाळींत वीज जाण्यास पुष्कळ वर्षे लागली. गावचा कारभार गावाकडे होता हे खरे. पण ‘गाव’ या शब्दात कोण मोडतो, हे ठरविणारे लोक थोडे होते. आज जेव्हा सामुदायिक ऊर्जा हा शब्द आपण वापरतो तेव्हा हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. ग्रामसभेला कोण येतो, कोणाचे छप्पर पक्के आहे, वाडीपासून दूर असलेल्या वस्तीपर्यंत तार कोण नेणार, या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

आता कायद्याच्या वाटेने थोडे पुढे जाऊ. १९१० च्या भारतीय वीज कायद्यात एक लहानसे पण अर्थपूर्ण कलम होते. एखाद्या कंपनीला पुरवठ्याचा परवाना दिला आणि तिचे क्षेत्र एकाच स्थानिक संस्थेच्या हद्दीत असले, तर परवान्याची मुदत संपल्यावर तो सर्व व्यवसाय विकत घेण्याचा हक्क त्या स्थानिक संस्थेला होता. कंपनी आज चालवील, पण वारस गाव राहील, असा त्याचा सरळ अर्थ. ही भावना केवळ कायद्याच्या पुस्तकात होती असेही नाही. १९३६ साली कोचीन संस्थानात दिवाण षण्मुखम् चेट्टी यांनी त्रिचूर शहराच्या वीजवाटपाचे काम खाजगी कंपनीकडे सोपविले, तेव्हा शहरात प्रचंड चळवळ झाली. कोचीनच्या राजकीय इतिहासात ती ‘वीज चळवळ’ म्हणूनच ओळखली जाते. पुढे ते काम नगरपालिकेकडे आले, आणि आजही जुन्या नगरपालिका हद्दीतील वीजवाटप त्रिचूरची महानगरपालिकाच करते. मुंबईतही ‘बेस्ट’ हा वीज व वाहतूक व्यवसाय ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, महानगरपालिकेने आपल्याकडे घेतला.

स्वातंत्र्यानंतर प्रवाहाची दिशा बदलली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली. १९५९ च्या दुरुस्तीने परवाना संपल्यावर व्यवसाय विकत घेण्याचा पहिला हक्क स्थानिक संस्थेऐवजी राज्य वीज मंडळाला मिळाला. वारस बदलला. कायद्यातील चारदोन ओळींचा हा फेरफार. त्याची त्या वेळी फारशी चर्चा झाली नसेल. पण गावाचा आणि विजेचा संबंध त्याने कायमचा पालटला. १९७० नंतरच्या दशकात मसुरीचे आणि दार्जिलिंगचे केंद्र ही दोन्ही नगरपालिकांच्या हातून निघून त्या त्या राज्याच्या वीज मंडळाकडे गेली. सिद्रापाँगचा कारभार नगरपालिकेने सुमारे ऐंशी वर्षे पाहिला होता.

हे केंद्रीकरण चुकीचे होते, असा निवाडा देणे सोपे आहे, परंतु न्यायाचे नाही. १९४७ साली साऱ्या देशात वीज पोहोचलेली खेडी सुमारे पंधराशे होती. प्रत्येक खेड्याला सिद्रापाँगसारखा झरा नव्हता, दार्जिलिंगसारखे घरपट्टी देणारे बंगले तर नव्हतेच. श्रीमंत शहराचे उत्पन्न गरीब जिल्ह्याकडे वळविल्यावाचून तारा खेड्यांपर्यंत जाणार नव्हत्या, आणि ते काम राज्यव्यापी मंडळच करू शकत होते. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले. मंडळांनी खांब रोवले, विहिरींवर पंप बसले, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये मणिपुरातील लायसांग या गावाबरोबर देशातील प्रत्येक खेड्यात वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. पंधराशे खेड्यांपासून सर्व खेड्यांपर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय मंडळांच्या अभियंत्यांना व खांबावर चढणाऱ्या वायरमनला दिलेच पाहिजे.

पण या प्रवासात एक गोष्ट हरवली. वीज ही गावाच्या दृष्टीने बाहेरून येणारी वस्तू झाली. दिवा गेला तर तक्रार करावयाची. एवढेच नागरिकाचे काम उरले. रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल भरणे एवढाच ग्रामपंचायतीचा विजेशी संबंध राहिला आणि ते बिल थकणे हा तिच्या दप्तरातील नेहमीचा विषय झाला. ज्या संस्थेने एके काळी केंद्र बांधले, ती संस्था थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बसली. शासकीय सेवेत ज्याने आयुष्याची काही वर्षे घालविली आहेत त्याला हे दृश्य अपरिचित नाही. जबाबदारी काढून घेतली की कर्तृत्वही हळूहळू झडते. ज्या कचेरीत पाणचक्कीच्या दुरुस्तीचे अंदाज तयार होत, तेथे वीजबिल मुदतीत भरण्याचे स्मरणपत्र नस्तीत लावणे एवढेच काम शिल्लक राहते.

१९९३ च्या एप्रिलमध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या इतिहासाला पुन्हा वळण देण्याचा प्रयत्न केला. घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे एकोणतीस विषय आहेत. त्यांपैकी चौदावा विषय वीजवाटपासह ग्रामीण विद्युतीकरणाचा आणि पंधरावा अपारंपरिक ऊर्जासाधनांचा आहे. शहरांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीत मात्र ऊर्जेचा उल्लेख नाही. रस्त्यावरच्या दिवाबत्तीचा तेवढा आहे. ज्या नगरपालिकांनी देशाला पहिली पाण्याची वीज दिली, त्यांच्या वाट्याला घटनेत खांबावरचा दिवा आला. वीज आली नाही. पंचायतींच्या बाबतीतही एक मेख आहे. राज्य विधिमंडळ हे अधिकार पंचायतींना ‘देऊ शकेल’ अशी घटनेची भाषा आहे. ‘देईल’ अशी नाही. या एका क्रियापदात पुष्कळ पंचायतींची वाट अडली आहे. २००३ च्या वीज कायद्याने आणखी एक दार उघडले. राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीजनिर्मिती व वाटप करणाऱ्याला परवान्याची आवश्यकता राहिली नाही, आणि पंचायती व सहकारी संस्था यांच्यामार्फत स्थानिक वाटप करण्याचे धोरण कायद्यात नमूद झाले. दार उघडे आहे. आत जाण्याचे बळ कोणाजवळ आहे, हा प्रश्न आहे.

ते बळ एका ग्रामपंचायतीने दाखविले. तामिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात, निलगिरीच्या पायथ्याशी ओडंतुराई नावाचे गाव आहे. तेथील पंचायतीचे अध्यक्ष आर. षण्मुगम् यांच्या काळात पंचायतीपुढे अडचण उभी राहिली ती पाणी उपसण्याच्या आणि दिवाबत्तीच्या वाढत्या बिलाची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मसुरीपुढे होता तोच पाण्याचा आणि विजेचा जोडप्रश्न. प्रथम त्यांनी लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून वायू करून त्यावर पंप चालविण्याचे नऊ किलोवॅटचे लहान यंत्र बसविले. नंतर २००६ साली पंचायतीने ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. तिला सुमारे १ कोटी ५५ लक्ष रुपये लागले. त्यांपैकी सुमारे ४० लक्ष पंचायतीने आपल्या शिलकीतून घातले आणि बाकीची रक्कम बँकेकडून कर्जाऊ घेतली. गावात पुरेसा वारा नव्हता, म्हणून पवनचक्की उभी केली ती शंभरावर किलोमीटर दूर, उडुमलपेटच्या बाजूला, जेथे पालघाटच्या खिंडीतून पश्चिमेचा वारा मैदानात शिरतो. तेथली वीज राज्य मंडळाच्या तारांत सोडावयाची, गावाने वापरलेल्या विजेशी तिची वजावट करावयाची आणि उरलेली मंडळाला विकावयाची, असा हा व्यवहार होता. वर्षाला सुमारे पावणेसात लक्ष युनिट वीज होई, गावाची गरज सुमारे साडेचार लक्ष युनिटांची होती आणि बाकीच्या विजेच्या पैशातून कर्जाचे हप्ते जात.

या व्यवहाराकडे हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. पंचायतीजवळ स्वतःची शिल्लक होती. म्हणून बँकेने तिला पत दिली. पवनचक्की पंचायतीच्या नावावर होती. म्हणून ती चालू ठेवण्यात पंचायतीचा स्वार्थ होता. आणि मंडळाने आपल्या तारा वापरू दिल्या. म्हणून दूरच्या वाऱ्याचा लाभ गावाला मिळाला. ही तिसरी गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. गावाची वीज म्हणजे जगापासून तुटलेली वीज, असा पुष्कळांचा समज असतो. ओडंतुराईचा अनुभव याच्या उलट आहे. मोठे जाळे आणि लहान मालक यांची सांगड तेथे बसली. १९४८ च्या कायद्याने उभ्या केलेल्या तारा नसत्या तर १९९३ च्या घटनादुरुस्तीतील स्वप्न त्या गावापुरतेही खरे झाले नसते.

विरुद्ध बाजूचेही एक उदाहरण दिले पाहिजे. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावात २०१४ साली एका स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने शंभर किलोवॅटची सौरवीज व्यवस्था बसविण्यात आली. देशभर तिचे कौतुक झाले. काही वर्षांत मंडळाच्या तारा तेथे आल्या, त्यांवरची वीज अधिक स्वस्त पडली, सौरव्यवस्थेच्या बॅटऱ्या निकामी झाल्या आणि त्या बदलल्या गेल्या नाहीत. व्यवस्था बंद पडली. हेतू चांगला होता, यंत्र चांगले होते, सूर्य तर रोज उगवत होताच. पण बॅटऱ्या बदलण्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला काढणारी, त्यासाठी पट्टी बसविणारी आणि पट्टी न देणाऱ्याला जाब विचारणारी संस्था पाठीशी उभी राहिली नाही. सिद्रापाँगच्या झऱ्यातही दर पावसाळ्यात गाळ आणि दगड येत. ते काढण्यासाठी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात खर्चाची बाब होती, म्हणून ते केंद्र पिढ्यान्‌पिढ्या चालले.

आपल्या महाराष्ट्रात हा सारा इतिहास एकाच तालुक्यात एकवटलेला पाहावयास मिळतो. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुका घ्या. कोयनेचे धरण याच तालुक्यात आहे. १९६२ पासून कोयनेचे पाणी वीज देत आले आहे आणि राज्याच्या औद्योगिक उभारणीत तिचा वाटा फार मोठा आहे. पण शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या लोकांना पुनर्वसनासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या. त्याच जलाशयाच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर पुढे पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. त्यांच्यावर ग्रामपंचायतींनी कर किती व कसा आकारावा, हा वादाचा विषय होऊन बसला. म्हणजे वारा गावचा असला तरी पंचायतीची भूमिका कर मागणाराची होती. आणि याच तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटेसे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे १०२ वीजग्राहकांसाठी ११२ किलोवॅटची सौरसंयंत्रे बसली. सिद्रापाँगच्या १३० किलोवॅटशी हा आकडा ताडून पाहावा. सव्वाशे वर्षांनी आपण साधारण त्याच मापाच्या प्रयोगापाशी आलो आहोत. फरक एवढा, की या वेळी तो उन्हाळी पाहुण्यांसाठी नसून गावातील घराघरांसाठी आहे, आणि ही सुधारणा लहान म्हणता येणार नाही.

सध्या सरकारी योजनांची रेलचेल आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने घरांच्या छपरांवर सौरसंयंत्रे बसविण्याची मोठी योजना काढली आणि तीत स्थानिक संस्थांनाही प्रोत्साहनपर रक्कम देऊ केली. शेतीपंपांसाठी सौरवीज निर्माण करण्याच्या महाराष्ट्राच्या योजनेतही ग्रामपंचायतींना अनुदान आहे. या योजनांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्यांत पंचायतीचे स्थान बहुतेक ठिकाणी जागा दाखविणाऱ्याचे, अर्ज गोळा करणाऱ्याचे किंवा अनुदान घेणाऱ्याचे आहे, मालकाचे नाही. सौरपट्ट्या पंचवीस वर्षे टिकतात, पण त्यांच्यासोबतचे विद्युत् उपकरण त्याच्या निम्म्या काळातही बदलावे लागते. उद्घाटनाच्या दिवशी मांडव कोण घालतो, हे सर्वांना ठाऊक असते. दहाव्या वर्षी ते उपकरण कोण बदलणार, हे आजच ठरावबुकात लिहिले गेले पाहिजे.

म्हणून या इतिहासातून माझ्यासारख्या प्रशासकाला जो धडा दिसतो तो अगदी साधा आहे. अधिकार, पैसा आणि कसब या तीन गोष्टी एकाच स्थानिक संस्थेच्या हाती असल्या तेव्हा गावची वीज टिकली. दार्जिलिंगमध्ये त्या होत्या, पण त्यांना लोकांचे मत जोडलेले नव्हते. आपल्या पंचायतींना लोकांचे मत मिळाले आहे, पण त्या तिन्हींपैकी फार थोडे मिळाले आहे. घटनेतील ‘देऊ शकेल’ या शब्दाचे ‘देईल’ करणे हे राज्य विधिमंडळाचे काम आहे. पंचायतीच्या नावावर मालकी नोंदणे, तिच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा निधी दरवर्षी बाजूला काढावयास लावणे आणि गावातील दोन मुलामुलींना ते यंत्र उघडून पुन्हा जोडण्याइतके शिकविणे, ही कामे मात्र कोणत्याही नव्या कायद्यावाचून जिल्हा पातळीवर आजही करता येण्यासारखी आहेत. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पाणीपट्टी आणि घरपट्टी यांच्या खाली विजेच्या जमाखर्चाची एक ओळ आली, आणि शेवटच्या वस्तीवरची बाई उभी राहून त्या ओळीविषयी प्रश्न विचारू लागली, म्हणजे १८९७ साली डोंगरात सुरू झालेले ते काम त्याच्या खऱ्या धन्याकडे पोहोचले असे म्हणता येईल.